साठवणीतील कडधान्यांचे भुंगेरे

साठवणीतील कडधान्यांचे भुंगेरे हे मूग, चवळी, तूर, हरभरा, मसूर, वाटाणा इत्यादी शिंबावर्गीय पिकांच्या वाळलेल्या बियांमध्ये वाढणारे लहान कीटक आहेत. नुकसान करते ती दाण्याच्या आत राहणारी अळी. प्रौढ भुंगेऱ्याला साठवणीत अन्नाची गरज जवळजवळ नसते. भारतात कॅलोसोब्रुकस या प्रजातीतील जाती सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात. सर्व कडधान्ये या किडीला सारखीच बळी पडत नाहीत. मादी कोणत्या दाण्यावर अंडी घालते आणि कोणत्या दाण्यात अळी जगते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील तफावत समजली, की एकाच घरात शेजारी ठेवलेल्या डब्यांपैकी मुगाचे पीठ होते आणि राजमा शाबूत राहतो, याचा उलगडा होतो.

नाव आणि वर्गीकरण

घरगुती बोलीत धान्यातील बहुतेक सर्व कीटकांना 'किडे' किंवा 'टोके' म्हटले जाते. कृषिविषयक मराठी लेखनात कडधान्यांवरील या कीटकांसाठी 'भुंगेरा' हा शब्द रूढ आहे. त्यांना कधीकधी 'सोंडे' असेही संबोधले जाते. परंतु ते बरोबर नाही. सोंड्या हा तांदूळ, गहू व ज्वारी यांत आढळणारा वेगळा कीटक असून त्याचे डोके पुढे निमुळते होऊन सोंडेसारखे दिसते. कडधान्यांच्या भुंगेऱ्याला अशी सोंड नसते. तांदळातील सोंडे मुगात जाऊन मुगाला कीड लागली, ही समजूतही त्यामुळे निराधार ठरते.

हे भुंगेरे पूर्वी ब्रुकिडी या स्वतंत्र कुळात गणले जात. आता त्यांचा समावेश पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळात, ब्रुकिनी या उपकुळात केला जातो. या उपकुळात सुमारे १,७०० जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य जातींच्या अळ्या शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या बियांवरच जगतात. वाळलेल्या बियांत पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकणाऱ्या, म्हणजे कोठारातील कीड ठरणाऱ्या जाती मात्र मोजक्याच आहेत.

प्रमुख जाती

कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस या जातीचे वर्णन कार्ल लिनियसने १७५८ मध्ये केले. ही आशियाई जाती मानली जाते. नराच्या शृंगिका (मिशा) कंगव्यासारख्या फांद्या फुटलेल्या असतात, त्यामुळे साध्या भिंगातूनही तो ओळखता येतो. पाठीच्या पुढच्या भागाच्या तळाशी दोन पांढुरके उंचवटे असतात. भारतात हरभरा, मूग, तूर, मसूर व चवळी यांवर ही जाती सर्रास आढळते.

कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस ही जाती चवळीचा भुंगेरा म्हणून जगभर परिचित आहे. तिचे वर्णन फॅब्रिशियसने १७७५ मध्ये केले. तिचे मूळ आफ्रिकेत असावे, असे मानले जाते. मादीच्या पंखकवचांवर गडद ठिपके असतात. या जातीची प्रौढावस्था दोन रूपांत आढळते. एक रूप कोठारात राहणारे, फारसे न उडणारे आणि पुष्कळ अंडी घालणारे असते. दुसरे रूप चपळ, उडणारे आणि कमी अंडी घालणारे असते. कोठारात दाटी आणि उष्णता वाढली की दुसऱ्या रूपाचे प्रमाण वाढते. म्हणजे धान्य संपत आले की कीड स्थलांतराची तयारी करते.

कॅलोसोब्रुकस ॲनॅलिस ही तिसरी जाती भारतात आढळते. दिसायला ती मॅक्युलेटससारखी असल्याने दोघींची गल्लत होते.

वाटाण्याचा भुंगेरा, ब्रुकस पायसोरम, हा मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. तो शेतातील हिरव्या शेंगांवर अंडी घालतो आणि वर्षातून त्याची एकच पिढी होते. काढणीनंतर प्रौढ भुंगेरा दाण्यातून बाहेर पडला, तरी वाळलेल्या वाटाण्यावर त्याची पुढची पिढी वाढत नाही. त्यामुळे वाटाण्यात भोके दिसली तरी ती कीड कोठारात पसरतेच असे नाही. याउलट त्याच वाटाण्यात कॅलोसोब्रुकस शिरला असेल, तर ती पसरते. भोक सारखेच दिसत असल्याने हा फरक दाण्यावरून सहसा लक्षात येत नाही.

राजम्यावर ॲकॅन्थोसेलिडीस ऑब्टेक्टस आणि झॅब्रोटीस सबफॅसिएटस या मूळच्या अमेरिका खंडातील जाती वाढतात. यांपैकी पहिली जाती अंडी दाण्याला चिकटवत नाही, ती दाण्यांमध्ये सुटी टाकते. चिंच व भुईमूग यांवरील कॅरिडॉन सेरेटस हा आकाराने मोठा भुंगेरा आहे. त्याची अळी कोषावस्थेसाठी बऱ्याचदा बीमधून बाहेर येते आणि चिंचेच्या किंवा शेंगेच्या पृष्ठभागावर कागदासारखा कोश विणते.

जीवनक्रम

मादी एकेक अंडे दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवते. अनुकूल स्थितीत एक मादी सुमारे ८० ते १०० अंडी घालते. अंडे प्रथम पारदर्शक असते. चार ते सहा दिवसांत अळी बाहेर येते. परंतु ती उघड्यावर येत नाही. अंड्याच्या तळातूनच दाण्याचे टरफल पोखरून ती सरळ आत शिरते. पोखरताना निघालेला भुसा मागे रिकाम्या अंड्याच्या कवचात साठतो आणि ते पांढरे दिसू लागते. मुगावर किंवा चवळीवर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे बहुधा हीच आधी उबून गेलेली अंडी होत. ते ठिपके पुसून टाकल्याने उपयोग होत नाही, कारण तोवर अळी आत पोहोचलेली असते.

अळी चार अवस्थांतून जात दाण्याची डाळ खाते. कोषावस्थेत जाण्यापूर्वी ती टरफलाच्या अगदी आतल्या बाजूपर्यंत कोरत येते आणि तेथे एक पातळ गोल पापुद्रा शिल्लक ठेवते. बाहेरून हे गडद रंगाच्या वर्तुळासारखे दिसते. प्रौढ भुंगेरा हा पापुद्रा ढकलून बाहेर पडतो आणि मागे नेटके गोल भोक राहते. सुमारे ३० अंश सेल्सियस तापमान व ७० टक्के आर्द्रता असताना अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण २३ ते ३० दिवसांत पूर्ण होतो. प्रौढ भुंगेरा दोन आठवड्यांच्या आसपास जगतो.

वाढीचा वेग साध्या गणिताने स्पष्ट होतो. एका मादीच्या अंड्यांपैकी ६० भुंगेरे पूर्ण वाढले व त्यांतील निम्म्या माद्या असल्या, तर दुसऱ्या पिढीत १,८०० आणि तिसऱ्या पिढीत ५४,००० भुंगेरे होतात. प्रत्यक्षात अन्न व जागा अपुरी पडते, म्हणून ही संख्या गाठली जात नाही. तरीही तीन महिन्यांपूर्वी स्वच्छ दिसणारे कडधान्य एकाएकी खराब कसे झाले, याचे उत्तर या गणितात आहे.

आधीच अंडी असलेले दाणे माद्या शक्यतो टाळतात. त्यामुळे अंडी दाण्यांवर बरीच समान विभागली जातात. एकाच दाण्यात अनेक अळ्या शिरल्या, तर पुढे काय होते हे त्या भुंगेऱ्यांच्या मूळ समूहावर अवलंबून असते. दक्षिण भारतातून गोळा केलेल्या मॅक्युलेटसच्या अभ्यासलेल्या समूहात अळ्या एकमेकींशी झुंजतात आणि लहान दाण्यातून सहसा एकच प्रौढ बाहेर पडतो. इतर काही समूहांत अळ्या एकमेकींना सहन करतात आणि एका दाण्यातून अनेक भुंगेरे निघतात. हा समूह मूग व उडीद यांसारख्या बारीक दाण्यांवर वाढत आल्याने त्याच्यात ही झुंजार वृत्ती टिकली असावी, असे स्पष्टीकरण दिले जाते.

यजमान-पसंती

मादीची निवड प्रामुख्याने दाण्याच्या बाह्य रूपावर ठरते. गुळगुळीत, गोलसर व पुरेसा मोठा पृष्ठभाग तिला पसंत पडतो. सुरकुतलेल्या किंवा खडबडीत दाण्यांवर ती कमी अंडी घालते. गुळगुळीत टरफलाचा काबुली हरभरा आणि जाड, खडबडीत टरफलाचा देशी हरभरा यांच्या तुलनेत देशी हरभऱ्याला सहसा कमी कीड लागते, ती यामुळे. टरफलातील रासायनिक घटकांचाही निवडीत वाटा असतो. तथापि मादीला योग्य दाणा मिळाला नाही, तर ती काचेच्या मण्यांवर, डब्याच्या भिंतीवर किंवा पोत्याच्या धाग्यांवरही अंडी घालते. तिची निवड ही पिल्लांच्या भवितव्याची हमी नव्हे.

राजमा किंवा घेवडा हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्याचा मोठा, तुळतुळीत दाणा मादीला आकर्षक वाटतो आणि ती त्यावर अंडी घालते. अळी टरफल पोखरून आतही शिरते; परंतु कॅलोसोब्रुकसच्या अळ्या तेथे मरतात. राजम्यातील अल्फा-अमायलेज-रोधक हे प्रथिन अळीच्या आतड्यातील पिष्ट पचवणारे विकर निकामी करते. डाळ भोवताली असूनही अळीची उपासमार होते. अमेरिकेतील मूळ भुंगेरे, म्हणजे ॲकॅन्थोसेलिडीस व झॅब्रोटीस, यांवर मात्र या प्रथिनाचा तसा परिणाम होत नाही. ते याच वनस्पतीबरोबर विकसित झालेले आहेत.

मूग व चवळी या दोन्ही जातींच्या भुंगेऱ्यांना सर्वाधिक मानवतात. मादी त्यांवर भरपूर अंडी घालते आणि अळ्याही मोठ्या संख्येने जगतात. तूर त्यांच्या पाठोपाठ येते. उडदाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मूग आणि उडीद ही जवळची भावंडे असूनही लागवडीच्या उडदात चायनेन्सिसच्या अळ्या सहसा तग धरत नाहीत. मॅक्युलेटस मात्र उडदात वाढतो, पण त्याला मुगापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून 'उडदाला भुंगेरा लागत नाही' आणि 'उडदालाही लागतो' ही दोन्ही विधाने ऐकू येतात, आणि कोणती जाती आहे त्यानुसार दोन्ही खरी असू शकतात.

सोयाबीनवर अंडी घातली गेली तरी बहुतेक अळ्या जगत नाहीत. मसूर चायनेन्सिसला चालते, पण मॅक्युलेटससाठी ती प्रतिकूल असते. डाळींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. सोललेल्या व भरडलेल्या डाळीला टरफलाचा गोलाकार पृष्ठभाग नसतो आणि अळीला पुरेसा बंदिस्त दाणाही मिळत नाही. त्यामुळे अख्ख्या तुरीपेक्षा तूरडाळ या भुंगेऱ्यांपासून बरीच सुरक्षित असते. डाळीत दिसणारे किडे बऱ्याचदा वेगळ्याच जातींचे, पीठ व भरड खाणारे असतात.

पसंती कायमची नसते, हे एका प्रयोगमालिकेने दाखवून दिले. तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे १९७९ मध्ये गोळा केलेला मॅक्युलेटसचा समूह अनेक वर्षे मुगावर वाढवला जात होता. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठात फ्रँक मेसिना व सहकाऱ्यांनी तो मसुरीवर हलवला. सुरुवातीला शंभरात एक-दोन अळ्याच जगल्या. त्यांच्या वंशजांना पुन्हा पुन्हा मसुरीवरच ठेवले असता वीसहून कमी पिढ्यांत जगण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. कोठारात वीस पिढ्या म्हणजे जेमतेम दोन वर्षे. एखादे कडधान्य 'न किडणारे' म्हणून निष्काळजीपणे वर्षानुवर्षे त्याच खोलीत ठेवणे किती बेभरवशाचे आहे, हे यावरून दिसते. अर्थात प्रत्येक समूहाला असे जुळवून घेता येते असे नाही. अशा प्रयोगांत मसुरीवर हलवलेले काही समूह नामशेषही झाले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील स्थिती

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. मालवण किनाऱ्यालगतची गावे असोत वा मुंबई–गोवा महामार्गावरील नांदगावासारखी कणकवली तालुक्यातील आतली गावे असोत, मुख्य पीक भात हेच आहे. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ, चवळी, वाल, मूग यांसारखी कडधान्ये घेतली जातात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) या पद्धतीसाठी 'कोकण सदाबहार' व 'कोकण सफेद' हे चवळीचे वाण तसेच कुळीथ व वाल यांचे वाण प्रसारित केले आहेत.

या पीकपद्धतीत किडीच्या दृष्टीने एक अडचण अंतर्भूत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेले बियाणे पुन्हा पेरायचे ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. म्हणजे ते आठ-नऊ महिने सांभाळावे लागते, आणि त्यांतील चार महिने पावसाळ्याचे असतात. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाळवलेले दाणे हवेतील दमट ओलावा पुन्हा शोषून घेतात. तापमान वर्षभर भुंगेऱ्याला मानवणाऱ्या मर्यादेतच राहते. उत्तर भारतात थंडीत किडीची वाढ जशी खुंटते, तशी ती येथे खुंटत नाही. या काळात किडीच्या सात-आठ पिढ्या होऊ शकतात. बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यामुळे हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता नसतो. पेरणीच्या वेळी हाती आलेले दाणे उगवणार की नाही, हा असतो.

स्थानिक आहारातील कडधान्यांची पसंती-क्रमवारी लावली, तर चवळी व मूग सर्वांत आधी किडतात. कुळीथ बारीक, चपटा व कठीण असतो. तो पूर्णतः सुरक्षित नसला, तरी चवळीच्या मानाने टिकाऊ समजला जातो. पिठीसाठी तो भाजून व दळून ठेवला, तर भाजण्यात आतील अंडी-अळ्या मरतात. वालाच्या बाबतीत एक संशोधन उल्लेखनीय आहे. भारतातील जंगली वालाच्या बियांतून मिळालेली आर्सेलिन गटातील प्रथिने साठवणीतील किडींना मारक ठरल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गणेश चतुर्थीच्या सुमारास, म्हणजे आर्द्रतेच्या ऐन भरात, मालवणी घरांत काळ्या वाटाण्याची मागणी वाढते. त्यासाठी अगोदरच आणून ठेवलेल्या वाटाण्यात भुंगेरे सापडणे हा अनेक घरांतील अनुभव आहे.

प्रादुर्भावाचा उगम

कीड कोठारात 'आपोआप' निर्माण होते, ही समजूत जुनी आहे. प्रत्यक्षात सुरुवात बऱ्याचदा शेतातच होते. उडणारे भुंगेरे पक्व होत आलेल्या शेंगांपर्यंत पोहोचतात व शेंगेच्या सालीवर अंडी घालतात. बंद शेंगेतून दाण्यापर्यंत जाताना पुष्कळ अळ्या मरतात. शेंग तडकली असेल, तर मादीला थेट दाणे मिळतात. चवळीच्या शेंगा एकाच वेळी पिकत नाहीत. झाडावरच वाळू दिलेल्या शेवटच्या तोड्यातील शेंगांत म्हणून प्रादुर्भाव अधिक असतो. मळणीच्या वेळी किडलेल्या दाण्यांचे प्रमाण नगण्य दिसते. दाणा बाहेरून निर्दोष, आत मात्र अळी, अशा अवस्थेत तो घरात येतो. दुसरा उगम म्हणजे गेल्या वर्षीच्या कणगीत, पोत्याच्या शिवणीत किंवा डब्याच्या तळाशी राहिलेले मूठभर दाणे. नवे कडधान्य जुन्यावर ओतण्याची सवय या किडीला सर्वांत सोयीची आहे.

परिणाम

अळीने खाल्लेल्या दाण्याचे वजन घटते आणि त्यात कीटकांची विष्ठा, कात व यूरिक आम्ल साचते. अशा कडधान्याला उग्र वास येतो व चव बिघडते. बियाण्याच्या दृष्टीने हानी अधिक गंभीर असते. एका भोकाचा दाणा कधीकधी उगवतो, कारण अंकुर शाबूत असू शकतो. परंतु अन्नसाठा कमी झाल्याने रोप अशक्त निघते. भोके वाढतात तशी उगवण झपाट्याने घसरते. भारतीय किमान बियाणे प्रमाणीकरण मानकांनुसार कडधान्यांच्या प्रमाणित बियाण्यात कीडग्रस्त दाणे १ टक्क्याहून अधिक असू नयेत. बहुतेक कडधान्यांच्या बियाण्यातील ओलावा साध्या पिशवीसाठी ९ टक्के आणि हवाबंद आवेष्टनासाठी ८ टक्के या मर्यादेत असावा लागतो.

प्रतिकारक्षम वाणांचा शोध

मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये उडदाच्या जंगली पूर्वजावरील संशोधन प्रसिद्ध केले. लागवडीचा उडीद मॅक्युलेटसला बळी पडतो. परंतु व्हिग्ना मुंगो सिल्व्हेस्ट्रिस हा जंगली प्रकार त्याला प्रतिकार करतो. दोहोंच्या संकरातून हा गुण दोन प्रभावी जनुकांनी नियंत्रित होतो, असे दिसून आले. त्याआधी जपानमध्ये जंगली मुगाच्या मादागास्करहून आलेल्या एका नमुन्यात असाच प्रतिकार आढळला होता. चवळीत नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने निवडलेला 'टीव्हीयू २०२७' हा नमुना प्रसिद्ध आहे. त्यातील प्रतिकार प्रथम ट्रिप्सिन-रोधकामुळे असल्याचे मानले गेले. नंतर तो व्हिसिलिन या साठवण-प्रथिनाच्या बदललेल्या रूपामुळे असल्याचे पुढे आले.

राजम्यातील अल्फा-अमायलेज-रोधकाचे जनुक वाटाण्यात घातले असता तो वाटाणा चायनेन्सिस व मॅक्युलेटस यांना अभेद्य ठरला. हे संशोधन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ऑस्ट्रेलियातील अशा वाटाण्यावरील प्रकल्प २००५ मध्ये थांबवण्यात आला, कारण तो खाल्लेल्या उंदरांत ॲलर्जीसदृश प्रतिक्रिया दिसल्याचा निष्कर्ष निघाला. नंतरच्या एका अभ्यासात साध्या वाटाण्यानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया आढळल्याने त्या निष्कर्षावर वाद झाला. किडीला जे पचत नाही ते माणसाला पचते का, हा प्रश्न या क्षेत्रातील प्रत्येक वाणाला विचारावा लागतो. राजम्याबाबत शिजवण्याने तो बहुतांशी सुटतो.

साठवण आणि नियंत्रण

पारंपरिक उपायांपैकी काहींना भक्कम शास्त्रीय आधार आहे, काहींना कमी. कडक उन्हात वाळवणे पहिल्या प्रकारात मोडते; पण केवळ अंगणात पसरल्याने आतील अळी मरतेच असे नाही. काळ्या कापडावर वा कागदावर दाण्यांचा पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिक कडेने बंद केल्यास तापमान पुष्कळ चढते. दाण्यांचे तापमान ५७ अंश सेल्सियस एक तास राहिल्यास चवळीतील भुंगेऱ्याच्या सर्व अवस्था मरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. हे काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. पावसाळ्यात ते कोकणात शक्य नसते.

खाद्यतेल चोळण्याने दाण्यावरील अंड्यांचा हवेशी संबंध तुटतो व ती मरतात. प्रति किलो सुमारे ५ मिलिलिटर शेंगदाणा तेल चवळीवर परिणामकारक ठरल्याचे दिसून आले आहे. घरोघरी यासाठी एरंडेलही वापरले जाते. आत शिरलेल्या अळीवर मात्र तेलाचा परिणाम नसतो. म्हणून ते साठवणीच्या आरंभीच लावायला हवे. राखेचा उपयोग दाण्यांमधील मोकळी जागा भरून भुंगेऱ्यांची हालचाल रोखण्यासाठी होतो आणि त्यासाठी ती भरपूर लागते. डब्यात टाकलेल्या कडुलिंबाच्या चार पानांवर भिस्त ठेवता येत नाही. ती भुंगेऱ्यांना काहीशी दूर ठेवत असली, तरी दाण्यातील अळी सुरक्षितच राहते.

हवाबंद साठवण हा आज सर्वांत विश्वासार्ह बिनविषारी उपाय समजला जातो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमधील चवळी-उत्पादकांसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तीन थरांच्या पिशवीची पद्धत विकसित केली. आत पॉलिथीनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते, अशी तिची रचना असते. बंद पिशवीत भुंगेरे व अळ्या प्राणवायू संपवतात आणि अळ्यांचे खाणे थांबते. अळीला लागणारे पाणी श्वसनक्रियेतूनच तयार होत असल्याने प्राणवायू संपताच ती अक्षरशः तहानेने मरते. पिशवी अधूनमधून उघडल्यास हा परिणाम नाहीसा होतो. घरगुती प्रमाणात घट्ट झाकणाचा, काठोकाठ भरलेला डबा याच तत्त्वावर काम करतो. अर्धा रिकामा डबा मात्र काम करत नाही, कारण वरच्या मोकळ्या जागेत हवा शिल्लक असते. थोडे कडधान्य असल्यास ते शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात आठवडाभर ठेवणे पुरेसे असते. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरू नये, म्हणून ते बंद पिशवीतच सामान्य तापमानाला येऊ द्यावे लागते.

मोठ्या गोदामांत फॉस्फिन वायूची धुरी दिली जाते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने हा वायू सुटतो. तो माणसासाठी प्राणघातक असून त्यावर उतारा नाही. भारतात या गोळ्यांचा वापर शासकीय यंत्रणा व प्रशिक्षित व्यक्तींपुरता मर्यादित आहे. राहत्या घरात, झोपण्याच्या खोलीलगतच्या कोठीत त्या ठेवणे जिवावर बेतू शकते.

नैसर्गिक शत्रू

किडलेल्या कडधान्याच्या डब्यात भुंगेऱ्यांबरोबर काळसर, मुंगीएवढ्या व पंख असलेल्या माश्याही कधीकधी दिसतात. त्यांना दुसरी कीड समजून मारले जाते. त्या बहुधा डिनार्मस बेसॅलिस किंवा तिच्या नात्यातील गांधीलमाश्या असतात. त्यांची मादी दाण्यात लपलेल्या भुंगेऱ्याच्या अळीचा ठाव घेते, टरफलातून अंडनलिका आत घालते आणि अळीवर अंडे ठेवते. अंड्यातून निघालेले पिल्लू भुंगेऱ्याच्या अळीला खाऊन वाढते. उस्काना प्रजातीतील आणखी सूक्ष्म माश्या भुंगेऱ्यांच्या अंड्यांवरच वाढतात.

जपानमधील क्योतो येथे स्युनरो उतिदा यांनी चायनेन्सिस भुंगेरा व त्याची परोपजीवी माशी यांना एकाच पात्रात शंभरहून अधिक पिढ्या एकत्र वाढवले. माशी वाढली की भुंगेरे घटत आणि भुंगेरे घटले की माशीही घटे, असे त्यांच्या संख्येचे चढउतार त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. हा प्रयोग लोकसंख्या-परिस्थितिकीच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवला जातो. स्वयंपाकघराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की माश्यांच्या भरवशावर डब्यातील भुंगेरे संपत नाहीत. दोघांचीही ये-जा चालू राहते आणि तोवर चवळी खाल्ली जाते.